सुप्याच्या बाजारात १८७५ साली काय जळाले आणि का?

भीमथडीकर

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती. गेल्या वर्षी छप्पर उतरवताना ती खाली आली आणि तिच्यात जमिनीचे उतारे, जुन्या लग्नपत्रिका आणि एका पंचांगाच्या खाली लाल दोऱ्यात बांधलेले तीन कागद निघाले. तिन्ही मोडीत लिहिलेली कर्जखते आहेत. पहिले शके १७९० चे, दुसरे १७९३ चे आणि तिसरे १७९६ चे, म्हणजे इसवी सन १८६८ ते १८७४ या काळातले. धनको (कर्ज देणारा) एकच, ऋणको (कर्ज घेणारा) एकच, आणि तिन्हींच्या शेवटी माझ्या खापरपणजोबांच्या नावापुढे 'निशाणी नांगराची' असे लिहून शाईने एक लहानसा नांगर काढलेला आहे. पहिल्या कागदावरचा नांगर जरा मोठा आणि फाकलेला आहे, तिसऱ्यावरचा इतका बारीक आहे की तो नांगर आहे हे आधीचे दोन पाहिल्यामुळेच कळते.

पहिले खत साठ रुपयांचे आहे आणि व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. दुसऱ्या खतात 'मागील खताचा हिशोब होऊन' १०३ रुपये मुद्दल धरलेले आहे, तिसऱ्यात पुन्हा त्याच शब्दांत १७७. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साठ रुपयांवर तीन वर्षांचे सरळ व्याज ४३ रुपये होते, बेरीज १०३. त्यावर पुन्हा तीन वर्षांचे व्याज ७४, बेरीज १७७. वरचे आणे तेवढे सोडून दिलेले आहेत. याचा अर्थ असा की सहा वर्षांत घरात नवा एक रुपयाही आला नाही आणि कर्ज मात्र जवळजवळ तिप्पट झाले. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये असा. या तीन कागदांपैकी एकही कागद तो नियम मोडत नाही, कारण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसते.

या कागदांमुळे मी १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांविषयी पुन्हा वाचू लागलो आणि शाळेत शिकलेले उत्तर मला अपुरे वाटू लागले. शाळेतले उत्तर असे की अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, युद्ध संपल्यावर तो पडला, शेतकरी कर्जबाजारी झाले आणि त्यांनी सावकारांवर हल्ले केले. यातले प्रत्येक वाक्य आपापल्या जागी खरे आहे. पण भाव पडल्याचा राग सावकाराच्या वहीवर का निघावा, आणि तो १८६६ मध्ये न निघता १८७५ मध्ये का निघावा, हे त्यातून कळत नाही.

आधी घटना. १२ मे १८७५ रोजी सुप्याला बाजारच्या दिवशी उठावाची पहिली ठिणगी पडली. (हे सुपे आजच्या बारामती तालुक्यातले, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातले. पारनेर तालुक्यातल्या सुप्याशी त्याची गल्लत अनेकदा होते आणि पारनेरही या उठावात असल्यामुळे गोंधळ वाढतो.) आजूबाजूच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने घेरली, वह्या-खते मागितली आणि हाती आली तेवढी जाळली. दुकानेही लुटली गेली. तिथून लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर या पुणे जिल्ह्यातल्या आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या नगर जिल्ह्यातल्या तालुक्यांत पोहोचले. लष्कर आणावे लागले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसांना अटक झाली आणि त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

आता ज्या गोष्टीपाशी मी थांबलो ती. पुढे नेमलेल्या दंगे चौकशी आयोगाने स्वतःच नोंदवले आहे की दंगेखोरांचा हेतू सर्वत्र एकच होता, सावकारांच्या ताब्यातली खते आणि न्यायालयाचे हुकूमनामे मिळवून नष्ट करणे. जिथे ती मुकाट्याने दिली गेली तिथे पुढे फारसे काही झाले नाही. जिथे सावकाराने नकार दिला तिथे धाक घातला गेला, मारहाण झाली, गंजी आणि घरे पेटली. एवढ्या मोठ्या उद्रेकात माणसांच्या अंगाला झालेली इजा फार थोडी आहे. अन्न नसलेला जमाव आधी धान्याचे पेव शोधतो. हे लोक चोपड्या शोधत होते. त्यांतल्या बहुतेकांना वाचताही येत नव्हते, तरी आपला गळा कोणत्या कागदात अडकला आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

हा कागद एवढा बलवान कधीपासून झाला? पेशवाईतही सावकार होता आणि व्याजाचे दरही सौम्य नव्हते. पण वसुलीसाठी सावकाराला गावाकडे पाहावे लागे. पाटील, कुलकर्णी आणि पंच यांच्यासमोर हिशोब होई, कुळाची, म्हणजे कर्जदाराची, ऐपत पाहून हप्ते पडत, आणि कुळाला जमिनीवरून उठवून सावकाराने ती आपल्या नावे करावी असे सहसा घडत नसे, कारण गावाच्या संमतीवाचून ती जमीन त्याला कसताच आली नसती. इंग्रजी अमलात दिवाणी न्यायालय आले. त्याच्यापुढे खत मांडले की गावाचे मत, दुष्काळ, कुळाची आठवण या कशालाच जागा उरली नाही. कागदावर रक्कम आहे, खाली निशाणी आहे, साक्षीदार आहेत, म्हणजे कर्ज आहे.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. त्याचा उद्देश चांगला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा केला नाही तर तो बुडेल असे ठरवल्याने जुनी खते उकरून रयतेला छळणे थांबेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सावकाराने दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून नवे खत लिहून घेण्याची रीत पाडली, आणि मागचे व्याज मुद्दलात मिळवले जाऊ लागले. माझ्याकडच्या तीन कागदांमधली तीन-तीन वर्षांची अंतरे या कायद्याने आखून दिलेली आहेत. रयतेच्या रक्षणासाठी केलेला कायदा रयतेच्याच कर्जाची गुणाकाराची पट्टी झाला.

सरकारचा दुसरा हात साऱ्यात, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी करात, होता. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून १८३६ मध्ये जी सौम्य जमाबंदी (साऱ्याची आकारणी) बसवली होती तिची तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ पासून एकेका तालुक्यात फेरजमाबंदी होऊ लागली. ती ठरवताना डोळ्यांसमोर कापसाच्या तेजीतले भाव होते, वसुली सुरू झाली तेव्हा भाव उतरू लागले होते. वाढ अनेक ठिकाणी पन्नास टक्क्यांहून अधिक होती आणि काही शेतांवर सारा दुप्पट झाला. हा सारा रोख, ठरल्या हप्त्याला भरायचा. पीक खळ्यावरून बाजारात जाण्याआधी हप्ता दारात उभा राही. रोकड फक्त सावकाराकडे, म्हणून सरकारचे देणे सावकाराच्या वहीत कुळाच्या नावे चढे. ज्या वह्या सुप्याला जळाल्या त्यांत सरकारी सारा किती होता, हे आता मोजता येणार नाही. आयोगाचा कल मात्र सारावाढीला मुख्य कारण न मानण्याकडे आणि दोष सावकारीकडे देण्याकडे राहिला. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपणात जमाबंदीवर बोट ठेवले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

माझे मत असे झाले आहे की हा उठाव गरिबीचा म्हणण्यापेक्षा अन्याय्य पुराव्याविरुद्धचा होता. कर्ज घेतले हे रयत नाकारत नव्हती. कागदात लिहिलेले कर्ज आपण घेतलेले नाही, आणि हे सांगायला आता कोणतेही ठिकाण उरले नाही, अशी तिची तक्रार होती. जाणकारांनी यात भर घालावी, आणि मी कुठे चुकत असेन तर तेही सांगावे.

कोरडवाहू

लेख आवडला, विशेषतः तीन खतांचा हिशोब. पण कापसाबद्दल तुम्ही शाळेतल्या उत्तराला थोडी अधिकच सवलत दिली आहे असे मला वाटते. कापसाची तेजी खानदेश-वऱ्हाडात खरी. सुपे, इंदापूर, शिरूर हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. तिथे कापसाखालचे क्षेत्र फारच थोडे होते, आणि जिथे कापूस मुबलक होता त्या भागांत १८७५ मध्ये असा उठाव झाला नाही. भावाची पडझड हेच कारण असते तर आग आधी तिकडे लागायला हवी होती.

आमच्या भागात त्या दशकात पैसा आला तो मुख्यतः मजुरीतून आणि धान्याच्या चढ्या भावांतून. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, त्याआधी १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोहोचली होती. ती बांधणी, सडका आणि इमारती यांनी गावोगावच्या गड्यांना रोख मजुरी दिली. ज्याच्याकडे बैलजोडी आणि गाडा होता त्याने वाहतूक केली. अशा वेळी सावकारही हात सैल सोडतो, कारण कुळाकडे पैसा येतो आहे हे त्याला दिसत असते. बांधकामे संपली, भाव उतरले आणि मजुरी आटली. कर्ज काढण्याची ऐपत ज्या कमाईवर ठरली होती ती कमाईच गेली. म्हणून 'कापूस' हा शब्द काढून 'साठच्या दशकातली तेजी' असे म्हटले तर तुमची मांडणी अधिक घट्ट होईल.

१८७५ च का, या प्रश्नाचे उत्तर मात्र मला वेगळ्याच ठिकाणी सापडते. सारावाढीविरुद्ध ओरड वाढल्यावर मुंबई सरकारने १८७४ च्या ऑक्टोबरात वाढीला मर्यादा घातल्या. तालुक्यावर किंवा गावांच्या गटावर सरासरी ३३ टक्क्यांहून, एका गावावर ६६ टक्क्यांहून आणि एका खातेदारावर शंभर टक्क्यांहून अधिक वाढ करायची नाही असे ठरले. त्याचबरोबर, साऱ्याच्या थकबाकीसाठी आधी जंगम मालमत्ता विकावी आणि मगच जमिनीला हात लावावा, असेही ठरले. हे दोन्ही रयतेच्या बाजूचे निर्णय. परंतु सावकाराने त्याचा अर्थ असा घेतला की आता सारा न भरल्यामुळे कुळाची जमीन लगेच सरकारजमा होणार नाही, म्हणजे आपले गहाण सुरक्षित आहे, मग कुळाच्या वतीने सारा आपण कशाला भरावा? अनेक ठिकाणी सावकारांनी त्या हंगामात हात आखडता घेतला.

याचा परिणाम काय झाला असेल याची कल्पना करा. सावकार जोवर अडीनडीला पैसे देत होता तोवर त्याचे जाचक खतही माणूस सोसत होता, कारण पुढच्या पेरणीला त्याच्याच दारात जायचे होते. त्याने देणे बंद केले आणि मागणे चालू ठेवले, तेव्हा त्याच्याशी जमवून घेण्याचे कारणच उरले नाही. संबंध तुटला आणि फक्त कागद उरला. तुम्ही ज्या कागदावर बोट ठेवता तो जाळण्यालायक नेमका त्या वर्षी का झाला, याचे उत्तर मला इथे दिसते.

भीमथडीकर

कोरडवाहू, कापसाबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. मी तो मुद्दा पुरेसा तपासला नव्हता. 'संबंध तुटला आणि फक्त कागद उरला' हे वाक्य माझ्या सगळ्या लेखापेक्षा नेमके आहे. माझ्याकडचे तिसरे खतही १८७४ चे आहे आणि त्यात नवे पैसे दिल्याचा उल्लेख नाही, हे तुमच्या म्हणण्याशी जुळते.

जुना दप्तरी

मी दिवाणी न्यायालयांच्या कामकाजात अनेक वर्षे घालवली आहेत, म्हणून हुकूमनाम्याविषयी थोडे लिहितो. त्या काळातल्या सावकारी दाव्यांपैकी बहुसंख्य दावे एकतर्फी निकालात निघत. याचे कारण रयतेची बेपर्वाई असे तेव्हाचे काही अधिकारी म्हणत, पण ते खरे नव्हे. न्यायालय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, वीस-पंचवीस कोसांवर. तारीख पडायची ऐन पेरणीत किंवा काढणीत. समन्स कधी पोहोचायचे, कधी पोहोचल्याची नोंद तेवढी व्हायची. आणि गेला तरी तो काय सांगणार? खतावर त्याचीच निशाणी. 'मला वाचून दाखवले ते वेगळे होते' या बचावाला पुरावा कुठून आणायचा? त्याच्या बाजूचा पुरावा म्हणजे गावाची स्मृती, आणि ती साक्षीच्या कायद्यात बसत नव्हती.

हुकूमनामा झाला की जप्ती आणि लिलाव. लिलावाला बोली बोलणारा बहुधा सावकार स्वतःच, कारण गावातला दुसरा माणूस शेजाऱ्याच्या जमिनीवर बोली लावायला धजत नसे आणि बाहेरचा कोणी येत नसे. त्यामुळे जमीन मातीमोल भावाने सावकाराकडे जाई आणि तेवढीच रक्कम कर्जातून वजा होई. उरलेले कर्ज डोक्यावर तसेच. पुष्कळदा मूळ मालकच त्या जमिनीवर सावकाराचा वाटेकरी म्हणून राबत राही. त्यावर ऋणकोला दिवाणी कैदेत टाकण्याची तरतूद होती, आणि तिचा उपयोग कैदेपेक्षा धमकीसाठी अधिक होई. नवे, फुगवलेले खत लिहून घेण्यासाठी ती धमकी पुरेशी होती.

म्हणूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा मला या उठावाचे सर्वांत स्पष्ट भाष्य वाटतो. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला, खरे तर तसे बंधनच घातले: पहिल्यापासूनचा व्यवहार तपासा, प्रत्यक्ष दिलेली रक्कम वेगळी काढा, व्याज वाजवी धरा, हप्ते बांधून द्या. कर्जासाठी कैद बंद झाली. गावपातळीवर निबंधक नेमून दस्त त्याच्यासमोर व्हावेत अशी व्यवस्था झाली. आयोगाच्या अहवालात काय लिहिले होते हे बाजूला ठेवले तरी, कायदा करणाऱ्यांना दुखणे कुठे आहे ते कळले होते. सुप्याच्या शेतकऱ्याने आग लावून जे केले तेच आता न्यायाधीशाने लेखणीने करावे, असे तो कायदा सांगतो. पुढे न्यायमूर्ती रानडे १८८१ पासून याच कायद्याच्या अंमलबजावणीच्या कामात होते.

कायदा पुरेसा ठरला का, तर नाही. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली आणि तोंडी सांगितले की पैसे फेडलेस की जमीन परत. खताच्या मागे जाता येते हे कळल्यावर खताचे नावच बदलण्यात आले. त्या मार्गाने किती जमिनी गेल्या याची गणती वेगळी.

नगरकर

एक अवघड प्रश्न अजून कोणी काढला नाही, तो काढतो. हल्ले प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले. ब्राह्मण आणि इतर स्थानिक सावकार बव्हंशी वाचले, आणि त्यांचेही व्याज काही कमी नव्हते. मग हा उठाव आर्थिक म्हणायचा की परक्यांविरुद्धचा? हे लपवून 'शेतकऱ्यांचा लढा' असे एकसुरी चित्र रंगवणे मला प्रामाणिक वाटत नाही. ज्या कुटुंबांची घरे घेरली गेली, ज्यांच्या बायकामुलांनी ती रात्र काढली, त्यांच्याही पिढ्या आज आपल्याच गावांत राहतात आणि आपल्याइतकेच मराठी बोलतात.

दुसरे असे की पुढाकार घेणारे सगळे नाडलेले गरीब नव्हते. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावची गोष्ट प्रसिद्ध आहे. डिसेंबर १८७४ मध्ये कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, लिलावात त्यांचे घर घेतले, आणि देशमुख जागेचे भाडे द्यायला तयार असतानाही ते घर पाडायला घेतले. देशमुख हे मानाचे घराणे. त्यानंतर गावाने सावकाराला वाळीत टाकले. त्याच्या दुकानावर कोणी फिरकेना, गडी काम सोडून गेले, न्हावी आणि पाणक्या येईनासे झाले, आणि शेवटी त्याला शिरूरला जावे लागले. इथे पोटाचा प्रश्न कमी आणि मानाचा अधिक आहे. जुनी गावसत्ता ज्यांच्या हातून निसटत होती त्यांचाही हा उठाव होता.

भीमथडीकर

नगरकर, प्रश्न काढलात हे योग्य केले. त्या रात्रीची भीती खरी होती आणि तिला कोणत्याही कारणमीमांसेने कमी लेखता येणार नाही. तुमचे निरीक्षण मी नाकारत नाही, फक्त त्याचे कारण थोडे निराळे लावतो.

स्थानिक सावकार वाचला तो त्याच्या जातीमुळे तेवढा नव्हे. तो बहुधा गावचा कुलकर्णी, जोशी किंवा वतनदारही असे. त्याची शेती गावात, त्याचे पाणी, त्याचे लग्नकार्य, त्याचे मरण गावात. त्याला गावाशी पूर्ण तोडून वसुली करणे परवडत नव्हते. गुजर-मारवाडी सावकाराचे भांडवल बाहेरच्या पेढीतून आलेले असे, आणि त्या पेढीचा तगादा त्याच्याही मागे असे. त्याला गावात मान नको होता, कारण त्याचा हक्क न्यायालय शाबूत ठेवत होते. गावकऱ्यांना हा फरक जातीच्या शब्दांत दिसला आणि त्यांनी तो जातीच्या शब्दांतच बोलून दाखवला. त्यात पूर्वग्रह होता, निःसंशय होता. पण तो एकटाच कारण असता तर खते घेऊन माघारी फिरणारे जमाव आपल्याला दिसले नसते.

कर्ड्याबाबत आपण म्हणता ते पटते, आणि मला तर तो या कथेचा सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. तिथे हिंसा नाही. गावाने आपले जुनेच शस्त्र बाहेर काढले, बहिष्काराचे. काही गावांनी तर आपसांत लेखी करार केले की जो सावकाराची जमीन कसेल किंवा त्याची चाकरी करील त्याला वाळीत टाकावे. म्हणजे खतांनी पिचलेल्या लोकांनी स्वतःचे एक खत लिहिले, ज्याला न्यायालयाची गरज नव्हती. कर्ड्याची बातमी आसपास पसरली आणि पाच महिन्यांनी सुपे पेटले. मधल्या काळात लोक काय बोलत होते याचा एक धागा नोंदींत सापडतो. अशी आवई उठली होती की विलायतेत राणीच्या कानावर गाऱ्हाणे गेले आहे आणि सावकारांनी खते परत द्यावीत असा तिचा हुकूम सुटला आहे. सरकारी अंमलदार मधे पडणार नाहीत, असेही लोक मानत होते. ही आवई खोटी होती, पण ती पसरवणाऱ्यांना राज्य उलथायचे नव्हते एवढे तिच्यातून दिसते. खते परत मागणे हा आपला हक्क आहे, आणि वरच्या कोणीतरी तो मान्य केला आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

आयोगाचे आणखी एक निरीक्षण इथे द्यायला हवे. त्यांनी पाहिलेल्या भागात सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले होते, त्यांचे कर्ज सरासरी त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरा पट होते, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. याचा अर्थ दोन तृतीयांश खातेदार तितके बुडालेले नव्हते. तेही त्या जमावांत होते, कारण आज शेजाऱ्याच्या दारात आलेला कारकून उद्या आपल्याही दारात येणार हे त्यांना कर्ड्याने दाखवून दिले होते.

मोडीप्रेमी

मी जुनी मोडी कागदपत्रे वाचतो, त्यामुळे माझा प्रश्न आर्थिक नाही. त्या काळी निरक्षर शेतकऱ्याची निशाणी नांगराची, बाईमाणसाची बांगडीची आणि शिपाईगड्याची कट्यारीची असे. पण हे चिन्ह बहुधा तो माणूस स्वतः काढत नसे. खत लिहिणाराच ते काढी आणि कुळाकडून लेखणीला हात लावून घेई. खाली 'बिकलम' म्हणून लिहिणाऱ्याचे नाव असते. तुमच्या तिन्ही कागदांवर बिकलम एकाच माणसाची आहे का? आणि नांगर लहान लहान होत गेला असे तुम्ही लिहिले आहे, तर तो एकाच हातचा दिसतो का?

दुसरे, फिटलेले किंवा नवे करून घेतलेले खत ऋणकोला परत देताना त्याचा माथा फाडून देण्याची रीत होती, म्हणजे ते पुन्हा वापरता येऊ नये. काही वेळा मागे भरपाई, म्हणजे कर्ज फिटल्याची नोंद, लिहीत. तुमच्या कागदांचे माथे कसे आहेत ते पाहून सांगाल का?

भीमथडीकर

आज कागद पुन्हा काढले. बिकलम तिन्हींवर एकच आहे, आणि आपण म्हणता ते लक्षात घेऊन पाहिले तर तिन्ही नांगर एकाच हाताचे आहेत. पहिला सावकाश काढलेला आहे, तिसरा घाईत. रुमणे आणि फाळ एकाच फटकाऱ्यात ओढलेले आहेत. माझ्या खापरपणजोबांचा हात म्हणून मी ज्याकडे इतके दिवस पाहत होतो तो लिहिणाऱ्याचा हात निघाला. त्यांनी लेखणीला स्पर्श केला असेल तेवढाच.

पहिल्या दोन कागदांचा माथा फाडलेला आहे. नवे खत करताना ते परत मिळाले असणार. तिसऱ्याचा माथा शाबूत आहे. त्याच्या पाठीवर ज्वारी पोहोचल्याच्या दोन नोंदी आहेत, भरपाई कुठेही लिहिलेली नाही. सगळ्या रीतीप्रमाणे पाहिले तर हा कागद सावकाराच्या पेटीत असायला हवा होता, आमच्या नव्हे. आजोबांकडून एवढेच ऐकले आहे की ही पेटी घरात कोणी उघडत नसे, आणि कोणी विचारले तर 'तो कागद आणलेला आहे' असे त्यांची आजी सांगत असे. कुठून आणला, कधी आणला आणि आणल्यावर जाळला का नाही, हे तिने कोणालाच सांगितले नाही.